चिंचोक्याची खळ

या प्रकरणाला मी बरीच वर्षं बगल दिली. म्हणजे गोष्ट सांगितलीच नाही असं नव्हे. उलट दाजींच्या पेटीची गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत सांगितली, बँकेच्या सहलीत सांगितली, व्याह्यांना पहिल्याच भेटीत सांगितली, आणि दर वेळी लोक पोट धरून हसले. पण त्या गोष्टीत मी चौकटीला टेकून उभा असलेला एक बघ्या असायचो. दाजी मूर्ख, मुंबईचा पाहुणा चक्रम, चाळ रिकामटेकडी, आणि मी तेवढा शहाणा. अशी सांगितली की गोष्ट चांगली रंगते. खरी सांगायला घेतली की तोंडाला कोरड पडते, म्हणून आता बोलत नाही, लिहितो. लिहिताना समोर कुणी हसत नाही, ही एक सोय आहे.

आम्ही सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहत होतो. शेजारी-शेजारी दोन खोल्या. एकीत आबा, आई आणि मी. दुसरीत माझी थोरली बहीण शेवंताक्का आणि तिचे यजमान बिराप्पा, म्हणजे आमचे दाजी. मधली भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. वरच्या फटीतून इकडची फोडणी तिकडं जायची आणि तिकडचं भांडण इकडं यायचं. पहाटेचा भोंगा झाला की सगळी चाळ एकदम खोकायची, मग बादल्या वाजायच्या, मग नळावर बायकांची पहिली चकमक. आबा गिरणीत साच्यावर कामाला होते. साच्यांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळं ते घरातही ओरडूनच बोलत. 'मीठ दे' म्हणाले तरी शेजारचे डोकावून बघत. दुष्काळ नुकताच सरला होता, पण रेशनवर अजून अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळत होती. तिची भाकरी तव्यावर असेपर्यंत भाकरी असायची आणि तोंडात गेली की भुसा व्हायची. आई ती थापताना अमेरिकेच्या आयाबहिणींचा उद्धार करायची. बरोबर शेंगांची चटणी असायची म्हणून ती घशाखाली उतरायची. चटणी कुटताना अक्काच्या हातातल्या पाटल्या उखळाच्या काठावर आपटून एक बारीक आवाज यायचा. तो आवाज मला अजून आठवतो. पुढं तो बंद झाला, म्हणूनही आठवत असेल.

आमचं मूळ मंगळवेढ्याकडचं, मेंढरांमागचं. आबा गिरणीत आले, पण दाजींचं घर अजून मेंढरांतच होतं. त्यांची आई घोंगड्यांना खळ द्यायची. चिंचोके भाजायचे, फोलपटं काढायची, भिजवायचे, कुटायचे, शिजवायचे, आणि ती चिकट खळ कुंच्यानं घोंगडीला दोन्ही अंगांनी चोपडून उन्हात ताणायची. त्यानं घोंगडी ताठ होते आणि पाऊस आत शिरत नाही. गंमत म्हणजे दाजींना गिरणीत कामही मिळालं ते खळखात्यातच, सुताला खळ द्यायचं. त्यांच्या अंगाला कायम आंबूस वास यायचा. मी त्या वेळी कॉलेजात होतो. वर्गात घोंगडी हा शब्दसुद्धा मी उच्चारत नसे, आणि घरी आलो की जाणूनबुजून 'आहे' आणि 'नाही' म्हणायचो. आबा म्हणायचे, "आलं आमचं आहे-नाही. वाढा त्येला." दाजी मात्र मला मास्तर म्हणायचे आणि त्यात चेष्टा नसायची. मी काही बोलायला लागलो की ते बिडी विझवून ऐकायचे. असा श्रोता मिळाला की माणूस किती बिघडतो ते मी स्वतःवरून सांगू शकतो.

आता दाजींना मी संत करून ठेवतोय असं वाटायला नको. ते बढाईखोर होते. श्रीमंत व्हायची त्यांना इतकी घाई होती की श्रीमंतीचा पवित्रा त्यांनी आधीच घेऊन टाकला होता. त्यांनी कोंबड्या पाळल्या, त्या मुंगसानं नेल्या. केसांचं तेल काढलं, ते लावून आमच्या आबांचे होते तेही गेले. रविवारी ते रेल्वेच्या बंगल्यांकडं गिरणीतल्या डागी चादरी विकायला जायचे. तिथं त्यांना पीटरसाहेब भेटला. हा निवृत्त इंजिन ड्रायव्हर. मुलीकडं ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि घरातलं एकेक विकत होता. पलंग गेला, आरसा गेला, ग्रामोफोन गेला. एक पत्र्याची पेटी तेवढी राहिली. लढाईच्या काळात गोऱ्या सैनिकांच्या गाड्या सोलापुरावरून जायच्या, तेव्हा सैनिक वाचून झालेली चित्रांची पुस्तकं डब्यात टाकून जायचे. पीटरसाहेबाने ती गोळा करून ठेवली होती. अमेरिकेची कॉमिक्स. अंगाला साखळदंड गुंडाळलेला एक पहिलवान मुठीने पाणबुडी फोडतोय, अशी चित्रं. साहेबाने दाजींना सांगितलं की अमेरिकेत आता या जुन्या अंकांना मोठमोठ्या रकमा देणारे लोक निघालेत, जितका अंक जुना आणि जितका कोरा तितकी किंमत जास्त. वीस-पंचवीस वर्षं कळ काढलीस तर बंगला बांधशील.

साहेबाने पेटीची जी किंमत सांगितली तीत एक दुभती म्हैस आली असती. चाळीत मोठी रक्कम म्हशीतच मोजायची पद्धत होती. दाजींनी रात्री जेवताना विषय काढला आणि आबांचा घास हातातच राहिला.

"जावयबापू," आबा ओरडले, "सोन्याचा कागद झालेला म्या लई येळा बगितलाय. सावकाराकडं जाऊन या, तुमाला बी दिसंल. कागदाचं सोनं झालेलं अजून कुटं दिसलं न्हाय."

दाजींनी आबांकडं न बघता माझ्याकडं बघितलं. "मास्तर, तुमीच सांगा. मेंढरू म्हातारं झालं की त्येचं मोल जातं. ही चीज म्हातारी हुईल तशी चढती. का? तर समदी दुनिया ती फाडाय बसलीय. भेळंत चालली, बंबात चालली. शेवटाला जेच्याकडं ऱ्हाईल त्यो राजा."

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. आमच्या प्राध्यापकांना तासभर फळा खडूने भरूनही जे सांगता आलं नव्हतं ते दाजींनी एका मेंढरात सांगितलं होतं. पण मला ते त्या वेळी कळलं नाही, कारण ते 'हाय' आणि 'न्हाय'मध्ये सांगितलं होतं. मी नुसता हसलो. आबांनी विचारलं की एवढं मोलाचं आहे तर साहेब का विकतोय. दाजी म्हणाले जहाजावर वजनाचे पैसे पडतात आणि मडमेला ती पुस्तकं सैतानाची वाटतात. आबा म्हणाले मडमेला अक्कल आहे.

पेटी आली. अक्काच्या पाटल्या गेल्या. हे दोन्ही एकाच आठवड्यात झालं. अक्कानं पाटल्या काढून दिल्या तेव्हा ती रडली वगैरे नाही. ती म्हणाली, "नळ घरात पायजे. माजा येकटीचा नळ. तेवढं झालं म्हंजे बास." दाजींनी बंगल्याचं कबूल केलं. अक्काने नळावर तडजोड केली होती, पण दाजी बंगल्याखाली यायला तयार नव्हते. साहेबाने पेटीवर एक जुनी हॅटही फुकट दिली होती. ती घालून दाजी संध्याकाळी व्हरांड्यात बसू लागले. खाली पट्ट्यापट्ट्यांची विजार, वर बंडी आणि त्यावर हॅट. लोक 'काय गव्हर्नर' म्हणून जायचे आणि दाजी हात वर करून उत्तर द्यायचे.

थोड्याच दिवसांत दाजींच्या ध्यानात आलं की कागद ठिसूळ होत चाललाय. पान उलटलं की कोपरा हातात येई. पहिलवानाचा एक कान असाच गेला. दाजींची झोप उडाली. त्यांनी मला विचारलं, "कालिजात जुनी पुस्तकं हायती की. ती कशी टिकिवत्यात, तेवढं इचारून या." मी हो म्हणालो. ग्रंथालय कॅंटीनच्या वाटेवरच होतं. ग्रंथपाल सज्जन होते, विचारलं असतं तर त्यांनी सगळी कामं सोडून सांगितलं असतं. पण साखळदंडवाल्या पहिलवानाची चौकशी मी कुठल्या तोंडाने करायची? मला माझी इभ्रत होती. कॅंटीनच्या उधारीवर चाललेली का असेना. मी विचारलंच नाही. दाजी रोज कामावरून आले की बघायचे, आणि मी रोज उद्यावर ढकलायचो.

एका संध्याकाळी आम्ही सगळे व्हरांड्यात होतो. अक्का सुपात शेंगदाणे निवडत होती. दाजींनी पुन्हा विचारलं. मला वैताग आला होता आणि एक विनोद सुचला होता. माझ्या बाबतीत या दोन गोष्टी एकत्र आल्या की कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं असतं.

"त्यात काय एवढं?" मी चेहरा गंभीर ठेवून म्हणालो. "घोंगडीला देता तशी खळ द्यायची. परदेशातल्या मोठ्या ग्रंथालयांत हेच करतात. त्यातही चिंचोक्याची सर्वांत उत्तम. तसं पुस्तकात लिहिलेलं आहे."

मला वाटलं आता हसतील. कुणी हसलं नाही. दाजींचे डोळे असे चमकले, की जणू मी त्यांच्या आईचं नाव अमेरिकेच्या ग्रंथालयात कोरलेलं सांगितलं होतं. आयुष्यभर ज्या वासाची लाज वाटत होती, त्या वासाला परदेशात मान होता. 'अहो दाजी, चेष्टा केली' एवढं म्हणायला वेळ होता. पण तो चेहरा इतका मासलेवाईक होता की मी तो दुसऱ्या दिवशीच्या कॅंटीनसाठी जपून ठेवला.

अक्कानं सूप खाली ठेवलं. तिने मला अंगाखांद्यावर वाढवलं होतं आणि माझं खोटं तिला आईपेक्षा लवकर कळायचं.

"खरंच वाचलायस का रं?" तिने विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

'आहे-नाही' करणारा मी, त्या घटकेला माझ्या तोंडून 'व्हय' कसं आलं ते मला अजून समजत नाही. तिला खरं वाटावं म्हणूनच आलं असणार. माणूस खोटं बोलायला नेहमी मातृभाषेकडं धावतो. अक्कानं सूप उचललं आणि परत निवडायला लागली.

अक्काच्या सासूबाईंनी गावाकडून चिंचोक्यांचं पोतं धाडलं. नातसुनेच्या डोहाळजेवणाला नसतं एवढ्या हौसेनं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून अक्का चिंचोके भाजत होती. खोलीभर धूर आणि खमंग, किंचित करपट वास. आई कुटायला बसली. आबा 'मला येड्यांच्या बाजारात राहायचं न्हाय' म्हणून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने बघायला परत आले. दाजी हॅट घालून खळ ढवळत होते. मग त्यांनी अंकांच्या गंजलेल्या पिना उपसल्या, पान न पान सुटं केलं, आणि एकेक पान पाटावर ठेवून कुंच्याने खळ लावली. एवढ्या हलक्या हातानं, की मी त्यांना बिडीसुद्धा तशी धरताना पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधल्या आणि पानं वाळत घातली. सबंध चाळीवर लाल, निळे, पिवळे पहिलवान उलटे लोंबत होते. बायकांनी बादल्या खाली ठेवून दर्शन घेतलं. आई म्हणाली, "ह्येला कुणी आंगभर कापड दिलं न्हाय व्हय गं? नुसत्या साखळ्यांवर हाय."

मी कॉलेजातले दोन मित्र घेऊन आलो होतो. मुद्दाम. तमाशा बघायला. आम्ही कोपऱ्यात उभे राहून गालात हसत होतो. अक्काला वाटलं भावाचे मित्र कौतुकानं आलेत. तिने चुलीवर खळीचं भांडं असताना शेजारणीच्या स्टोव्हवर त्यांच्यासाठी धपाटे केले, वर दही वाढलं. ते दोघे तिचे धपाटे खात तिच्या नवऱ्याला हसले. मित्रांची नावं लिहीत नाही. त्यांना मी आणलं होतं.

पानं वाळली. निदान दाजींना तसं वाटलं. ती परत अंकावार लावली, पाट्याखाली दाबली, कडुलिंबाचा पाला घालून पेटीत भरली. पेटी दाजींच्या पलंगाखाली गेली. घोंगडी रोज झटकली जाते, उन्हात पडते, माणसाच्या अंगावर राहते, म्हणून तिची खळ तिला जगवते. पेटीतल्या कागदाला ऊन कुठलं? हे मी आज शहाणपणानं लिहितोय. त्या वेळी मी परीक्षेत पहिला वर्ग मिळवण्याच्या गडबडीत होतो, आणि तो मिळालाही.

दिवाळीच्या सुमारास मुंबईहून एक गृहस्थ आला. पीटरसाहेबाचा कुणी भाचा. त्याला असल्या अंकांचा नाद होता आणि मामाने ऑस्ट्रेलियातून त्याला दाजींचा पत्ता कळवला होता. गिरणीच्या फाटकावर मोटार थांबली तेव्हा निम्मी चाळ दाराशी आणि उरलेली जिन्यात. दाजींनी ठरवलं होतं की चार-दोनच अंक द्यायचे, तेवढ्यात पाटल्या सोडवायच्या, आणि बाकीची पेटी बंगल्याला ठेवायची. अक्काने शिरा केला होता, तोही मिलोचा नव्हे, खऱ्या रव्याचा. कप शेजारून आणले होते. दाजींनी हॅट घातली. पाहुण्याला मराठी येत नव्हतं. दुभाषी म्हणून घरातला शिकलेला माणूस पुढं झाला.

दाजींनी झाकण उघडलं. आधी आंबूस वास आला. मग झुरळं आली, जिन्यातल्या पोरांनी जागा करून दिली. आत पुस्तकं नव्हती. एकावर एक चिकटून झालेली एक वीट होती, तिला कसरीनं आरपार भोकं पाडलेली. पाहुण्याने बोटांच्या चिमटीत वरचा एक अंक सोडवून घेतला. तो पापडासारखा वाजला आणि मधून मोडला. माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे भरून आले असावेत, कारण त्याने काळा चष्मा चढवला. मग त्याने मला इंग्रजीत विचारलं, "हे असं करायला यांना कुणी सांगितलं?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी दाजींकडं वळलो आणि म्हणालो, "हे कुणी केलं म्हणून विचारतायत."

"म्या," दाजी म्हणाले. "समदं माज्या हातानं." आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

पाहुणा पुढं बरंच बोलला. तो म्हणाला की यांना काहीही करायची गरज नव्हती. पेटी होती तशी, नुसती बंद ठेवली असती, तरी यातल्या तीन-चार अंकांना मी आत्ता एवढे पैसे मोजले असते. त्याने आकडा सांगितला. त्यात एक लहानसं घर झालं असतं, नळासकट. खळ लावली त्या दिवशीच हे सगळं संपलं, किडे नंतर आले, असंही तो म्हणाला. तो बोलत होता आणि दाजी मान हलवत होते, जसे माझ्यापुढं हलवायचे.

"काय म्हंत्यात?" दाजींनी विचारलं.

"आता उपयोग नाही म्हणतात," मी म्हणालो.

पाहुण्याने शिरा खाल्ला नाही. मोटार गेली. जिन्यात कुणीतरी हसलं, मग सगळी चाळ हसली, आणि मला माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. हसणारे खूप झाले की आपण वेगळे दिसत नाही. मीच पुढं होऊन म्हणालो, "चला, खळशेठ, पापड तळायला घ्या." ते नाव मी दिलं. ते गिरणीच्या फाटकापर्यंत गेलं, रेशनच्या दुकानापर्यंत गेलं, आणि दाजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोपाच्या फळ्यावरही कुणीतरी लिहिलं. आबांनी ती वीट बंबात घातली. पण खळीमुळं ती धड जळेना. सबंध आठवडा आंघोळीच्या पाण्याला तो वास होता.

त्या संध्याकाळी अक्का उसने कप विसळत होती. मी पाणी प्यायला गेलो. वर न बघता ती म्हणाली, "त्यो मानूस येवडं लांबलचक बोलला, आन् तू येवडंसंच सांगितलंस." मी म्हणालो इंग्रजीत शब्द फार लागतात. ती 'आसंल' म्हणाली आणि कप पालथे घालत राहिली. त्यानंतर तिने मला कधी कुठला कागद वाचून दाखवायला सांगितलं नाही. रेशनकार्डावरचं काही विचारायचं असलं तरी खालच्या मजल्यावरच्या पोराकडं जायची.

मला बँकेत नोकरी लागली, मी चाळ सोडली. दर भाऊबीजेला मी अक्काला साडी नेली. चांगल्यातली नेली. पाटल्या मला परवडत होत्या. पहिल्या बढतीनंतर तर सहज. पण साडी म्हणजे भाऊबीज, पाटल्या म्हणजे कबुली. मी साडीवर भागवलं. अक्काच्या हातात शेवटपर्यंत काचेच्या बांगड्या होत्या आणि नळ शेवटपर्यंत सामाईक. ती गेली तेव्हा मी बँकेच्या कामाने परगावी होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं थोडं बरंच वाटलं.

मध्यंतरी नातवाने मला मोबाइलवर दाखवलं. असल्या एकेका अंकाला तिकडं आता बंगल्याची किंमत येते. दाजींचा अंदाज जरा कमीच होता. मी विचार करू लागलो की चाळीतल्या शहाण्या माणसांनी त्या काळात काय केलं? आबांनी भिशीत पैसे टाकले, भिशीवाला हैदराबादला गेला तो गेला. शेजाऱ्यांनी म्हैस घेतली, ती पुढच्या दुष्काळात मेली. सगळ्या चाळीने गिरणीवर भरवसा टाकला, आणि गिरणीलाच कुलूप लागलं. सबंध चाळीत ज्याचा हिशेब बरोबर होता असा एकच माणूस होता. आम्ही त्याला खळशेठ म्हणत होतो. तरीही मी ती गोष्ट पंगतीत सांगतच राहिलो. माझी समजूत अशी, की त्या दिवशी दाजींनी 'म्या' म्हणून मला पाठीशी घातलं होतं. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं टाकलेली ती नजर म्हणजे 'जा, वाचवलं तुला'. त्या उपकाराचा मला रागही यायचा. उपकार फेडायचा नसला की त्याचा राग येणं सोपं जातं.

शेवटी गेलो. दाजी मुलाकडं होते, नई जिंदगी वस्तीच्या पुढं एका खोलीत, खाटेवर. मी घरून निघतानाच वाक्य तयार करून आणलं होतं: दाजी, ती थट्टा होती, मला माफ करा. बसमध्ये पुटपुटत आलो. शेजारचा माणूस सरकून बसला. दाजींचं शरीर उरलं नव्हतं, पण मला बघून त्यांनी उठायची धडपड केली. सुनेने चहा आणला. ती आत गेली तसा मी म्हणालो, "दाजी, त्या पेटीचं बोलायचं होतं."

त्यांचा चेहरा उजळला. जणू माझीच वाट बघत होते.

"मास्तर, म्या बी तुमाला कवाचं इचारीन म्हंतोय," ते हळूच म्हणाले. "लई इचार केला त्येचा. तुमी सांगितलं ते बराबर हुतं. चुकलं माजं. चिंचोक्याची खळ घोंगडीला चालती, लोकरीचं काम हाय ते. कागुद नाजूक. तेला मैद्याची द्याय पायजे हुती, पातळ करून. न्हाय का? तुमच्या पुस्तकात मैद्याची बी दिली आसंल, तुमी इसरला आसचाल. त्या दिशी तुमच्याकडं बगत हुतो, म्हटलं मास्तर रागवत्यात का काय, म्या काम नासवलं म्हून."

इतकी वर्षं मी ज्या नजरेला उपकार समजत होतो, ती अशी होती. त्यांनी मला वाचवलंच नव्हतं. त्यांना कधी कळलंच नव्हतं की वाचवायचं काय आहे. पाहुणा काय बोलला ते मी गिळलं होतं, तेव्हा त्यांना कळणार कुठून? आता माफी मागायची तर आधी त्यांना सांगावं लागणार होतं, की ते पुस्तकच नव्हतं. घोंगडीच्या खळीला परदेशात मान नव्हता. अक्काचे धपाटे खात आम्ही तुम्हाला हसत होतो. ऐंशी पार केलेल्या, खाटेवर निजलेल्या माणसाला आयुष्यभराची चेष्टा एकदम हातात द्यायची, आणि वर त्यालाच क्षमा करायला सांगायची.

वाक्य तोंडात होतं. 'दाजी' एवढं मी म्हणालोही. ते माझ्याकडं बघत होते, बिडी विझवून बघायचे तसे.

"व्हय," मी म्हणालो. "मैद्याचीच पायजे हुती."

दाजींनी डोळे मिटले आणि समाधानानं मान हलवली. "फुडच्या खेपंला ध्यानात ठिवू," ते म्हणाले. मग त्यांनी मला सांगितलं, चहा गार होतोय, प्या.

मी प्यालो.